तिसऱ्या ओळीची गाडी

चार मीटरांच्या आत लांबी, आत तीन ओळींत सात आसने, खड्ड्यातून तळ न घासता जाईल एवढी उंची आणि पगारदार माणसाला हप्त्यांवर झेपेल अशी किंमत, या साऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी मोटार भारतीय रस्त्यांवर अलीकडच्या दीड दशकातच दिसू लागली, आणि त्यामुळे ती वाहनतंत्रातील एखाद्या नव्या कल्पनेचे फळ असावी असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तिची बहुतेक वैशिष्ट्ये अभियंत्यांच्या मेजाबाहेर, निरनिराळ्या काळी आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या कारणांनी ठरत गेली. चार मीटरांचा आकडा अर्थसंकल्पातून आला, सातचा आकडा मोटार वाहन कायद्यातील एका व्याख्येशी नेमका जुळतो, आणि तिसऱ्या ओळीची गरज तर कंपन्यांच्या कितीतरी आधी आठवडी बाजाराच्या दिवशी फाट्यावर ताटकळणाऱ्या माणसांनी ओळखली होती. या गाडीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी आर.सी. बुकात नोंदलेली माणसे आणि गाडीत प्रत्यक्ष बसलेली माणसे यांच्यातील तफावतीचा इतिहास आहे, आणि ती तफावत समजून घेतल्याशिवाय आजच्या गाडीतील तिसरी ओळ इतकी अवघडलेली का, याचा उलगडा होत नाही.

भारतापुरती या गाडीची वंशावळ लष्करी जीपपासून सुरू होते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात विलीज-ओव्हरलँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धासाठी बनवलेल्या या गाडीची बांधणी भारतात ज्या कंपनीने हाती घेतली, ती १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने स्थापन झाली होती; तिचे एक संस्थापक मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे बदलले. मूळ जीप ही चार माणसांची गाडी होती. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, अवघे ८० इंच होते, आणि एवढ्या जागेत मागे दोन माणसे कशीबशी मावत. युद्धभूमीवर हे पुरेसे होते, परंतु भारतात ही गाडी ज्यांच्या हाती गेली ते वनखाते, पाटबंधारे खाते, कलेक्टर कचेरी आणि साखर कारखाने यांच्या दौऱ्यांत साहेबाबरोबर कारकून, शिपाई, फायली आणि बऱ्याचदा वाटेत भेटलेले दोन-तीन ओळखीचे लोक, असा लवाजमा असे. त्यामुळे जीप लांब करणे ओघानेच आले, आणि ९१ इंच व्हीलबेसची भारतीय जीप ही मूळ अमेरिकी घराण्यापासून फुटलेली पहिली ठळक शाखा ठरली.

गाडी लांब झाली तरी रुंदी तेवढीच राहिली, आणि याच अडचणीतून पुढची चार-पाच दशके टिकलेली एक बैठकव्यवस्था तयार झाली. मागच्या चाकांवर पत्र्याचे जे उंचवटे येतात, त्यांच्यामध्ये समोर तोंड केलेले आसन बसवले तर जेमतेम दोघांची सोय होते आणि पाय ठेवण्यासाठी निराळी जागा सोडावी लागते. तेच दोन्ही उंचवट्यांवर गाडीच्या लांबीने दोन बाक टाकले, तर चाकावरची एरवी वाया जाणारी जागा बैठकीत जमा होते, मधल्या मोकळ्या पट्टीत दोन्ही बाजूंच्या लोकांचे पाय राहतात आणि मागचे दार उघडून सरळ चढता-उतरता येते. समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांत अडकतात, वळणावर सगळी रांग एका अंगाला कलते आणि मागे पळणारा रस्ता पाहून अनेकांना मळमळते, परंतु माणशी लागणारी जागा कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय त्या काळी नव्हता. शिवाय बाकाला मोजपट्टी नसते. आसन वेगळे असले की ते एका माणसाचे असते; बाकावर मात्र ‘जरा सरका’ या दोन शब्दांनी आणखी एका माणसाची सोय होते. पुढे घडलेल्या पुष्कळ गोष्टींचे मूळ या बाकात आहे.

महाराष्ट्रात या लांब जीपचा खरा संसार प्रवासी वाहतुकीत उभा राहिला. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि त्यानंतर राज्यातील प्रवासी वाहतूक हळूहळू सार्वजनिक मालकीची झाली, तरी वेळापत्रकाने चालणारी मोठी बस आणि खेड्यातल्या माणसाची निकड यांच्यात नेहमीच एक फट राहिली. मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापासून गाव चार-सहा किलोमीटर आत, सकाळची बस गेली की पुढची दुपारी, आणि बाजार, दवाखाना, तालुक्याची कचेरी यांची वेळ मात्र मधलीच; ही फट जीपने भरून काढली. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात तिला वडाप हे नाव पडले, तर मराठवाड्यात आणि विदर्भात टॅक्सीच्या ठरलेल्या रंगांवरून ती काळी-पिवळी झाली. महिंद्राची कमांडर आणि मार्शल, त्यांच्या जोडीला ट्रॅक्स, अशा गाड्या चौकात नंबराने उभ्या राहत. भरल्याशिवाय सुटायचे नाही हा त्यांचा एकमेव नियम, आणि ‘भरली’ म्हणजे किती माणसे, हे चालकाच्या डोळ्यांवर अवलंबून असे.

वडापच्या या भरण्यात एक पक्के गणित होते. पुढच्या सीटवर चालकाच्या डावीकडे तिघे बसत आणि गर्दी वाढली की चौथा उजव्या अंगाला, म्हणजे चालक आणि दार यांच्या मध्ये येई. मग चालक अंग चोरून तिरका बसे आणि गिअरची दांडी कुणाच्या तरी गुडघ्याला बाजूला सारत फिरवे. मधल्या सीटवर चौघे, मागच्या दोन बाकांवर चार-चार, उरलेले मागच्या पायरीवर आणि दाराच्या कडीला, टपावर दुधाचे कॅन, भाजीच्या करंड्या, क्वचित एखादी शेळी, आणि सर्वांत शेवटी गावांची नावे पुकारत लटकणारा क्लीनर. कागदावर नऊ-दहा उतारूंची असलेली गाडी याप्रमाणे सोळा-सतरा माणसे नेई, आणि भाडे थोडे ठेवून डिझेल, हप्ता, दुरुस्ती व वाटेतले इतर ‘खर्च’ भागवण्याचे गणित या जादा माणसांवरच जुळे. दर माणशी भाडे घेऊन वाटेत चढ-उतार करण्याची वाहतूक, जिला कायदा टप्पा वाहतूक म्हणतो, ती करण्याचा परवाना या गाड्यांना सहसा नसे. त्यांना परवानगी असे ती कंत्राटी वाहतुकीची, म्हणजे संपूर्ण गाडी एकाच करारावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची. वडाप हा शब्दच त्यामुळे सरकारी भाषेत ‘अवैध प्रवासी वाहतूक’ या शब्दप्रयोगाचा समानार्थी होऊन बसला. भरलेल्या जीपला अपघात झाल्यावर मृतांचा आकडा वाचताना एवढी माणसे एका गाडीत होती कशी, हा प्रश्न शहरी वाचकाला पडे. ज्या तालुक्यात अपघात झाला तिथे तो कुणालाच पडत नसे.

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने या जगाला दोन नावे दिली. चालक सोडून सहापर्यंत उतारू नेण्यासाठी बांधलेली, भाड्याने चालणारी गाडी ती मोटारकॅब, आणि सहापेक्षा अधिक पण बारापर्यंत उतारू नेणारी ती मॅक्सीकॅब. वरवर पाहता ही केवळ कारकुनी विभागणी आहे, परंतु तिचा अर्थ असा की सहा उतारू आणि एक चालक मिळून होणारी सात माणसे ही साध्या टॅक्सीची कमाल मर्यादा ठरली. गाडीला आठवे आसन लावले की टॅक्सी म्हणून तिचे पासिंग, म्हणजे परिवहन कार्यालयातील नोंदणी, दुसऱ्या वर्गात जाते. सात हा आकडा आजच्या जाहिरातींत आजी-आजोबांसह फिरणाऱ्या सुखी कुटुंबाचे प्रतीक म्हणून मिरवतो, पण त्याची पहिली कसोटी परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर लागत असे, हे त्या जाहिराती अर्थातच सांगत नाहीत.

या काळात महाराष्ट्राच्या कारखानदारीने या वर्गाला दोन गाड्या दिल्या आणि दोन्हींची नावे मराठी बोलीत सामान्यनामे होऊन बसली. पहिली ट्रॅक्स. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीतील हँबुर्गजवळच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने उभ्या केलेल्या बजाज टेम्पोने आधी तीनचाकी टेम्पो आणि मग मॅटॅडोर आणली, मर्सिडीजच्या डिझेल इंजिनाचा परवाना मिळवला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॅक्स बाजारात उतरवली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, परंतु क्रूझर आणि तूफान या तिच्या लांब भावंडांना लोक आजही नावानेच हाक मारतात. दुसरी १९९४ ची टाटा सुमो. टाटांच्या टेल्को कंपनीचे माजी अध्यक्ष आणि तिच्या पुणे प्रकल्पाचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या पहिल्या दोन-दोन रोमन अक्षरांची जोड म्हणजे सुमो; जपानी मल्लाशी या नावाचा संबंध नाही, जरी गाडीच्या चौकोनी बांध्यामुळे तो अनेकांना खरा वाटत आला. पिकअप ट्रकच्या जातीच्या चॅसीवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, पत्र्याची पेटी बसवून केलेल्या या गाडीत मागे तेच समोरासमोरचे बाक होते आणि आसने दहा होती, मात्र दारांना काचा होत्या, छत पक्के होते आणि ती जीपपेक्षा पुष्कळ कमी हादरे देई. तीन-साडेतीन वर्षांत तिचा खप एक लाखावर गेला.

सुमोने वडापच्या धंद्यातही जागा मिळवली, पण तिचे वेगळेपण दुसरीकडे आहे. मराठीत ‘गाडी करणे’ असा एक वाक्प्रचार आहे. गाडी विकत घेणे निराळे आणि गाडी करणे निराळे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी, अष्टविनायकाच्या फेरीसाठी, ज्योतिबाला किंवा शिर्डीला जाण्यासाठी, मुलगी पाहायला जाताना किंवा रुग्णाला मिरजेच्या अथवा पुण्याच्या दवाखान्यात नेताना कुटुंबे गाडी करत, किलोमीटरचा दर ठरवत, चालकाच्या जेवणाचे कोण पाहणार हे आधी बोलून घेत आणि दहा जणांच्या सुमोत बारा-तेरा जण, त्यांतली चार लहान मुले मांडीवर, अशा हिशेबाने निघत. मांडीवरचे मूल धरायचे नाही हा या प्रवासांचा अलिखित नियम होता. तीन ओळींच्या गाडीची सवय मध्यमवर्गीय घराला लागली ती याच भाड्याच्या प्रवासांतून, आणि पुढे जेव्हा त्या घरात स्वतःची मोटार घेण्याइतका पैसा आला, तेव्हा चार जणांची गाडी घेऊन निम्म्या माणसांना मागे ठेवणे त्याला रुचेना.

भारतात हे घडत होते तेव्हा आग्नेय आशियात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत आला होता, आणि त्या वाटेची भारतीय वाटेशी पुढे गाठ पडणार असल्याने तिची दखल घ्यावी लागते. फिलिपिन्समध्ये फोर्डने १९७२ साली फिएरा नावाची, शक्य तितक्या सरळ रेषांत पत्रा वाकवून केलेली गाडी आणली. टोयोटाने तिथे टामारॉ आणि १९७७ मध्ये इंडोनेशियात किजांग उतरवली. टामारॉ हा फिलिपिन्समधला रानरेडा, तर किजांग म्हणजे भेकर. गाड्यांना रानातल्या प्राण्यांची नावे देऊन त्या इथल्याच आहेत असे सुचवण्याचा तो प्रयत्न होता. सुरुवातीची किजांग हा चॅसी, इंजिन आणि चालकाची खोली एवढाच ऐवज असे आणि मागची पेटी स्थानिक कारागीर बांधून देत. १९८६ च्या तिसऱ्या पिढीपर्यंत तिची पूर्ण कौटुंबिक गाडी झाली. ईदला शहरातून गावी परतण्याची इंडोनेशियातील प्रथा, जिला तिथे मुदिक म्हणतात, या गाडीच्या खपाला हातभार लावणारी होती. करांची रचनाही दीर्घकाळ अशी होती की लहान इंजिनाच्या सेडानवर ३० टक्के चैनकर बसे आणि त्याच ताकदीच्या तीन ओळींच्या गाडीवर १० टक्के. मनिला शहरात तर १९९० च्या दशकातील टामारॉ एफएक्स ही गाडी भागीदारीतल्या टॅक्सीसाठी इतकी रुळली की त्या वाहतुकीलाच लोक एफएक्स म्हणू लागले. साताऱ्याच्या स्टँडबाहेर उभ्या असलेल्या माणसाला मनिलातील ही रांग अजिबात परकी वाटली नसती.

किजांगच्या या तिसऱ्या पिढीवर बेतलेली गाडी जानेवारी २००० मध्ये क्वालिस या नावाने भारतात आली. टोयोटाने भारतासाठी भागीदार निवडला होता तो किर्लोस्कर समूह. ज्या घराण्याने १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडवले, त्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर या भागीदारीत होते आणि कारखाना बंगळूरजवळ बिडदीला होता. इंडोनेशियात जुनी झालेली गाडी भारताच्या माथी मारली, अशी टीका तेव्हा झाली आणि दिसण्यापुरती ती खोटीही नव्हती. तथापि क्वालिसने या वर्गात दोन गोष्टी रुजवल्या. एक म्हणजे गाडी बंद न पडणे हा गुण असू शकतो, हे गॅरेजच्या वाऱ्या गृहीत धरणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने पटवले, आणि त्यामुळे नव्याने वाढत असलेल्या कॉल सेंटरांच्या रात्रपाळीच्या वाहतुकीत ती सर्वत्र दिसू लागली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दहा आसनांच्या प्रकाराबरोबरच तिचा एक आठ आसनांचा प्रकार होता, ज्यात तिसरी ओळ समोर तोंड करून होती. बाक जाऊन आसन आले. आता ‘जरा सरका’ म्हणायला जागा उरली नाही, आणि गाडीच्या दर्जाची खूण मागच्या माणसाचे तोंड कोणीकडे आहे यावरून ठरू लागली. २००५ मध्ये क्वालिस बंद करून आणलेली इनोव्हा याच दिशेने आणखी पुढे गेली, पण ती महागही झाली. सुमोच्या किमतीच्या आसपास, परंतु समोर तोंड केलेल्या तीन ओळींची गाडी कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तराला आकार दिला तो मोटारीशी थेट संबंध नसलेल्या एका दस्तऐवजाने. २००६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला आणि लहान मोटार कोणती याची व्याख्या केली: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० आणि डिझेलचे असेल तर १५०० घनसेंटिमीटरपर्यंत. हॅचबॅक डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या तरतुदीत आसने किती असावीत किंवा गाडीची उंची किती असावी याबद्दल एक शब्दही नव्हता. कंपन्यांनी या मौनाचा पुरेपूर अर्थ लावला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हाही हीच मापे कायम राहिली. लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के आणि चार मीटरांहून लांब, १५०० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या उंच गाडीवर त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ५० टक्के, एवढी दरी त्यांच्यात पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर जाऊन हे दर अनुक्रमे १८ आणि ४० टक्के झाले. दर बदलले, पण चार मीटरांची रेघ जिथल्या तिथे राहिली.

या रेघेने जुन्या गाड्यांचे काय केले हे पाहण्याजोगे आहे. महिंद्राची बोलेरो ही २००० साली आर्माडाच्या, म्हणजे अंतिमतः जीपच्याच घराण्यातून उतरलेली गाडी. ग्रामीण महाराष्ट्रात सरपंचापासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वांच्या दारात दिसणारी, आणि सात आसनांपैकी शेवटची दोन समोरासमोरच्या लहान बाकड्यांची. तिची लांबी होती ४१०७ मिलिमीटर. २०१६ मध्ये कंपनीने बोलेरो पॉवर प्लस आणली तेव्हा ही लांबी ३९९५ मिलिमीटर झाली आणि २५२३ घनसेंटिमीटरच्या इंजिनाच्या जागी १४९३ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन बसले. चार इंचांहून थोडी अधिक लांबी मुख्यतः बंपर आत ओढून कमी करण्यात आली. तंत्रज्ञान, सुरक्षितता किंवा सोय यांपैकी कशासाठीही ही कापाकापी झालेली नाही. सोनार जसा पट्टीच्या कसोटीला उतरेल एवढेच सोने ठेवतो, तशी ती गाडी कराच्या पट्टीवर उतरवली गेली. त्याआधी २०१२ मध्ये याच कंपनीने नाशिकला बनणाऱ्या झायलोची शेपटी कापून ३९८५ मिलिमीटरची क्वांटो काढली होती. तिलाही सात आसने होती, पण मोठ्या गाडीचा पुढचा भाग जसाच्या तसा ठेवून मागचा अर्धा भाग गाळल्यासारखे तिचे रूप होते आणि तिसऱ्या ओळीत प्रौढ माणसाने बसायचे म्हणजे शिक्षाच होती. शिडीच्या चॅसीवरची जड गाडी आखूड करणे ही वाट फार पुढे जाणारी नव्हती, हे क्वांटोने दाखवून दिले.

दुसरी वाट होती हलक्या मोटारीला लांबवण्याची. यात सांगाडा आणि पत्रा वेगळे नसतात. सगळी पेटीच एकसंध असते, इंजिन आडवे बसते आणि पुढच्या चाकांना ताकद देते, त्यामुळे तळाखालून मागे जाणारा दांडा लागत नाही, तळ सपाट होतो आणि तिसऱ्या ओळीतल्या माणसाला पाय खाली सोडता येतात. मारुतीने एप्रिल २०१२ मध्ये या पद्धतीची एर्टिगा काढली तेव्हा ती ४२६५ मिलिमीटर लांब, म्हणजे कराच्या रेघेबाहेर होती, तरीही हलक्या वजनामुळे मिळणारे ॲव्हरेज आणि सहा लाखांच्या आतली सुरुवातीची किंमत यांच्या जोरावर तिने बाजारात तिसऱ्या ओळीला प्रतिष्ठा दिली. खरे तर चार मीटरांच्या आत सात आसने आधीच अस्तित्वात होती. मारुतीचीच २०१० मधील ईको ३६७५ मिलिमीटरमध्ये सात जणांना बसवत असे. परंतु ईको ही १९८४ च्या मारुती व्हॅनच्या वळणाची, इंजिन पुढच्या सीटखाली असलेली गाडी. शाळेची मुले, केटरिंगवाले आणि रुग्णवाहिका यांनी ती आपली केली, आणि व्हॅन घरासाठी घ्यावी असे फार थोड्यांना वाटले.

विकसनशील देशांसाठी २०१२ मध्ये निसानने डॅटसन हे जुने नाव पुन्हा बाहेर काढले, आणि जानेवारी २०१५ मध्ये भारतात आलेल्या डॅटसन गो प्लसने ३९९५ मिलिमीटर लांबी, सात आसने आणि ३ लाख ७९ हजार रुपयांची सुरुवातीची किंमत असा मेळ घातला. व्हॅन सोडल्या तर एवढ्या कमी पैशांत तीन ओळी त्याआधी कुणी दिल्या नव्हत्या. परंतु लहान हॅचबॅकचा व्हीलबेस तसाच ठेवून केवळ मागचे टोक लांबवल्याने तिसरी ओळ थेट मागच्या काचेला टेकून आली. डोके आणि मागची काच यांच्यात वीतभर अंतर उरे. ज्या गो मोटारीवर ती बेतली होती तिला ग्लोबल एनसीएपीच्या नोव्हेंबर २०१४ मधील धडक चाचणीत एकही तारा मिळाला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये डॅटसन भारतातून गेली. बाजाराने तिला नाकारले याचे कारण किंमत नव्हते, हे नक्की. तिसऱ्या ओळीत बसवलेला माणूस हा सामानासारखा ठेवलेला वाटू नये, एवढी अपेक्षा एव्हाना गिऱ्हाइकाच्या मनात तयार झाली होती.

रेनोने २८ ऑगस्ट २०१९ रोजी ४ लाख ९५ हजारांपासून विकायला काढलेली ट्रायबर या सगळ्या चुका जणू वाचून बनवलेली आहे. लांबी ३९९० मिलिमीटर, परंतु व्हीलबेस २६३६ मिलिमीटर. चाके कोपऱ्यांत ढकलल्याने तिसऱ्या ओळीला जागा मिळाली, छत मागे किंचित उंचावले गेले, मागच्यांसाठी थंड हवेच्या जाळ्या दिल्या गेल्या आणि तळ जमिनीपासून १८२ मिलिमीटर वर राहिला. या साऱ्याची किंमत इंजिनात चुकवली आहे: ९९९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन सात माणसे घेऊन कुंभार्ली घाट चढू लागले की पहिला-दुसरा गिअर सोडत नाही. धडक चाचणीत २०२१ मध्ये प्रौढांच्या संरक्षणासाठी तिला चार तारे मिळाले. चेन्नईजवळच्या ओरगडमला बनणारी ही गाडी दक्षिण आफ्रिका, नेपाळ, इंडोनेशिया अशा बाजारांतही गेली, म्हणजे ज्या इंडोनेशियातून किजांगचे वारस भारतात आले होते तिथेच भारतीय तिसरी ओळ पोहोचली.

ट्रायबरमधील सर्वांत विलक्षण सोय मात्र तिसऱ्या ओळीच्या असण्यात नसून नसण्यात आहे. ही दोन आसने हाताने सोडवून गाडीबाहेर काढता येतात. सातही आसने लावली की मागे सामानाला ८४ लिटर, म्हणजे दोन पिशव्या आणि एक छत्री मावेल एवढी जागा उरते; ती काढली की ६२५ लिटर. चार माणसांचे कुटुंब आठवडाभर पाच आसनांवर फिरते, दिवाळीला आई-वडील आले की मागची आसने पुन्हा बसवते, आणि मधल्या काळात ती ठेवायची कुठे, हा प्रश्न दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नव्याने पडतो. जिन्याखाली, बाल्कनीत कापड टाकून किंवा पलंगाखाली ती पडून असतात. गाडीच्या नोंदणीपत्रावर मात्र आसनसंख्या सातच राहते. दहा माणसांच्या नावाने नोंदलेल्या ज्या जीपमध्ये सतरा माणसे बसत, तिच्या या नातवाच्या कागदावर सात असून आत रोज तीन-चारच असतात. दुसरीकडे बोलेरो आजही आपली समोरासमोरची दोन बाकडी घेऊन ३९९५ मिलिमीटरमध्ये विकली जाते आणि फाट्यावर तिच्याकडे पाहून कुणीतरी अजूनही हात करते.